ताट द्यावे, पाट देऊ नये

शेतकऱ्याच्या घरी सगळी भावकी दोन प्रसंगी एकत्र जमते. एक लग्नाला आणि दुसरी वाटणीला. लग्नात कुणी रुसले तर पंगत उठेपर्यंत त्याची समजूत निघते. वाटणीत जो रुसतो, तो पुढे सख्ख्या भावाच्या मयतालाही उंबऱ्याबाहेरूनच परत जातो. आमच्या वसईकडे असे रुसवे मी बरेच पाहिले आहेत. म्हणून वाटणीविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले, आणि त्यासाठी आधार घेणार आहे तो एका नाटकाचा. वाचक मंडळी म्हणतील, वाडीत पाणी लावणाऱ्या बाईला नाटक कशाला हवे? पण हे नाटक मुळात वाटणीचेच आहे.

ते लिहिले शेक्सपियर नावाच्या इंग्रज नाटककाराने, सुमारे चारशे वीस वर्षांपूर्वी. नाव 'किंग लिअर'. विंदा करंदीकरांनी १९७४ साली 'राजा लिअर' या नावाने ते मराठीत आणले. आमच्या लेकीने ते पुस्तक वाचनालयातून मला आणून दिले. दुपारची जेवणे आटोपली की रोज थोडे थोडे करून मी ते वाचून काढले. राजे, सरदार, लढाया हे सगळे बाजूला ठेवले, तर आत जे उरते ते आपल्याच आळीतले वाटावे असे आहे.

लिअर हा ब्रिटनचा म्हातारा राजा. त्याला तीन मुली. आता थकलो, राज्य मुलींना वाटून द्यावे आणि आपण निवांत राहावे, असे त्याच्या मनात येते. इथपर्यंत ठीक आहे. पण वाटणीच्या आधी तो भर दरबारात मुलींना विचारतो, "तुमच्यापैकी माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कोण करते ते सांगा." थोरली गॉनरिल आणि मधली रीगन गोड गोड बोलतात आणि राज्याचे मोठे तुकडे घेऊन बसतात. धाकटी कॉर्डेलिया बापाची सर्वांत लाडकी. ती म्हणते, मुलीने बापावर जेवढे प्रेम करावे तेवढे मी करते, जास्त नाही आणि कमीही नाही. उद्या लग्न झाले की त्यातले अर्धे नवऱ्याला जाईल. राजाला संताप येतो. तो तिला काहीएक न देता घालवून देतो आणि तिचा हिस्साही थोरल्या दोघींना वाटून टाकतो.

त्या वेळी केंट नावाचा जुना इमानी सरदार पुढे होतो. तो म्हणतो, महाराज, घाई करू नका, राज्य हातचे सोडू नका, धाकटीचे प्रेम कमी नाही. हा हिताचा सल्ला. त्याचे बक्षीस काय मिळाले? केंट हद्दपार. पुढे काय होते ते सांगायला नको. थोरल्या दोघी म्हाताऱ्याला टोलवत राहतात आणि शेवटी भर वादळात, रात्रीच्या वेळी राजा उघड्या माळावर येतो. ज्या केंटला त्याने हाकलले, तोच वेष पालटून त्याची चाकरी करीत असतो. ज्या मुलीला काही दिले नाही, तीच बापासाठी परत येते आणि त्यापायी जीव गमावते. तिचे प्रेत हातांवर घेऊन म्हातारा प्राण सोडतो.

आपल्या मराठीत हीच व्यथा वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, यांनी 'नटसम्राट' नाटकात मांडली. लिअरवरून सुचलेले असले तरी ते पुरते आपल्या मातीतले नाटक आहे. त्याचा पहिला प्रयोग १९७० च्या डिसेंबरात झाला. गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले, डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले आणि शांता जोग कावेरी झाल्या. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे २०१६ साली त्यावर सिनेमा आला तेव्हा आमच्या नातवंडांनीही तो पाहिला.

माझे लग्न १९७६ सालचे. लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही दोघांनी दादरला जाऊन 'नटसम्राट' पाहिले होते. परत येताना विरार गाडीत हे एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा आमचे वय कोवळे, पदरात एक मूल, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. म्हातारपण कुणाचे तरी दुसऱ्याचे असते, असेच तेव्हा वाटायचे.

त्या नाटकात बेलवलकर आपल्या बायकोला लाडाने 'सरकार' म्हणतात. निवृत्त झाल्यावर जे काही गाठीला आहे ते सगळे ते मुलाला आणि मुलीला देऊन टाकतात. कावेरी त्यांना सावध करू पाहते. पण नेमके त्या वेळी सरकारचा हुकूम चालत नाही! मग आधी मुलाकडे, पुढे मुलीकडे, आणि शेवटी तर चोरीचा आळ येऊन दोघांना घर सोडावे लागते. कावेरी वाटेतच जाते. म्हाताऱ्याला आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा एक पोरगा.

लिअरला केंटने सांगितले, बेलवलकरांना कावेरीने सांगितले. दोघांनीही ऐकले नाही. मला दोन्ही नाटकांतली खरी मेख इथे दिसते. मुले वाईट निघाली ही पुढची गोष्ट. त्याच्या आधी, ज्याला आपले हित कळत होते त्याला आपण गप्प केले, ही पहिली गोष्ट.

आमच्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. पण त्यांच्या तोंडी एक म्हण होती: "ताट द्यावं, पाट देऊ नये." पुढ्यातले जेवण उचलून दुसऱ्याला द्यावे, पण आपण बसलो आहोत तो पाट काढून देऊ नये. कारण ताट उद्या पुन्हा भरता येते. पाट गेला की माणूस जमिनीवर येतो. ही म्हण महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. पण सातबारा समोर आला, की ती सांगणारी बाई चुलीपाशी असते आणि पुरुष ओटीवर.

वसईत ही म्हण पुन्हा पुन्हा आठवावी असेच दिवस आले. माझ्या लग्नाच्या वेळी इथे पश्चिमेच्या गावांत नुसत्या वाड्या होत्या. केळी, पानवेली, मोगरा, भाजीपाला. विहिरीवर रहाट, वाडीच्या कडेला बावखल, पावसात भाताची खाचरे. उन्हात वाळवलेली सुकेळी पाहुण्यांबरोबर लांबवर जायची. पहाटेच्या गाडीने फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या मुंबईला जायच्या आणि त्यांवर घरे चालायची. जमीन ही विकायची वस्तू आहे असे कुणाच्या मनातही येत नसे. मग मुंबईची माणसे घरांसाठी इकडे सरकू लागली. १९९० साली सिडको आली, २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. या काळात गुंठ्याला असा भाव आला, की पूर्वी कुणी हिशेबात धरत नव्हते त्या खाचरावरून भाऊ भाऊ कोर्टात गेले. जमीन महागली तसा शब्द स्वस्त झाला.

आमच्या नात्यातले एक काका होते. नाव-गाव सांगत नाही, कारण त्यांची मुले आजही आम्हाला भेटतात आणि ती वाईट नाहीत. काकांची रस्त्याला लागून वाडी होती. बिल्डरचा माणूस रोज यायचा. जुने घर आणि वाडी द्यायची आणि बदल्यात इमारतीत दोन फ्लॅट आणि काही रोकड घ्यायची, असे ठरले. काकांनी दोन्ही फ्लॅट दोन मुलांच्या नावे केले आणि रोकडही त्यांनाच वाटली. काकू म्हणाल्या, "एक खोली तरी आपल्या नावावर ठेवा हो." काका चारचौघांत म्हणाले, "बाईमाणसाला व्यवहारातलं काय कळतं? माझी मुलं मला खोली देणार नाहीत का?" काकू चहाचे कप उचलून आत गेल्या. तो विषय तिथेच संपला.

दोन-तीन वर्षे बरी गेली. पुढे ठरले, की आई-बाबांनी एक महिना थोरल्याकडे राहावे आणि एक महिना धाकट्याकडे. मग वाद निघाला तो एकतीस तारखेचा. काही महिने तीस दिवसांचे, काही एकतीसचे. जास्तीचा दिवस कुणाचा? वाचकहो, ऐकायला ही थट्टा वाटेल. पण त्या एका दिवसासाठी काकू पिशवी भरून जिन्यात बसलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

इथे सुनांचीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर लिहिणे खोटे होईल. दोन खोल्यांचे घर, तीन मुले, पहाटेची गाडी पकडून मुंबईला नोकरी, रात्री आल्यावर पुन्हा स्वयंपाक. काकांना वाडीतल्या मोठ्या घराची सवय. सकाळी मोठ्याने रेडिओ, दिवसभर येणारी-जाणारी माणसे, प्रत्येकाला चहा. 'राजा लिअर'मध्येही हेच आहे. राज्य देऊन टाकल्यावरही राजा शंभर स्वार पदरी ठेवतो आणि ते सगळे मुलीच्या घरी नेऊन बसवतो. थोरली म्हणते पन्नास करा. मधली म्हणते पंचवीस. मग दहा कशाला, पाच कशाला, आणि शेवटी एक तरी कशाला, इथपर्यंत गोष्ट येते. मुलींचे मन काळेच होते यात शंका नाही. पण शंभर पाहुणे रोज घरात असतील तर चांगल्या मनालाही किती दिवस धीर राहील? सत्ता दिली, पण सत्तेची सवय दिली नाही. पुष्कळ घरांत भांडण इथून पेटते.

काकू धाकट्याकडे असताना गेल्या. त्यानंतर काका रोज सकाळी इमारतीच्या खाली उतरून एका जागी उभे राहायचे. तिथे त्यांची विहीर होती. ती बुजवली आणि आता तिथे गाड्या उभ्या असतात. शेवटी त्यांना घेऊन गेली ती त्यांची लेक. तिला वाटणीत काही मिळाले नव्हते. हक्कसोडपत्रावर सही करताना तिने एक प्रश्नही विचारला नव्हता. सहा वर्षे तिने बापाला सांभाळले. तिच्या सासरचे घर पत्र्याचे होते, पण काकांचा पलंग खिडकीपाशी होता. विंदांचे पुस्तक वाचताना कॉर्डेलियाच्या जागी मला सारखी हीच दिसत होती.

त्याच नाटकात आणखी एक घर आहे. ग्लॉस्टर नावाचा सरदार आणि त्याचे दोन मुलगे. थोरला एडगर सरळ मनाचा, एडमंड कारस्थानी. एडमंड एक खोटे पत्र तयार करतो आणि बापाला दाखवतो, की बघा, एडगर तुमच्या जिवावर उठला आहे, त्याला तुमची मालमत्ता हवी आहे. बाप कागद बघतो आणि विश्वास ठेवतो. एडगरला समोर बोलावून, "बाळा, हे तू लिहिलेस का?" असे एकदाही विचारत नाही. पुढे त्याचे डोळे काढले जातात. आणि त्या आंधळ्या बापाचा हात धरून त्याला वाट दाखवणारा वेड्याच्या सोंगातला माणूस कोण? तर तोच एडगर.

आपल्याकडेही असे कागद आणि असे निरोप घरात फिरतच असतात. "दादाने परस्पर फेरफार करून घेतला म्हणे." "वहिनी म्हणत होती, म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन ठेवू." यातले खरे किती आणि कुणी पिकवलेले किती, हे समोर बसून विचारल्याशिवाय कळत नाही. मी तर माझ्या तिन्ही मुलांना सांगून ठेवले आहे, की भावाबहिणीबद्दल काहीही ऐकले तर आधी त्यालाच फोन करायचा. मध्ये तिसरा माणूस नको, मग तो मामा असो नाहीतर दलाल.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची वाडी बत्तीस गुंठ्यांची. त्यात घर, विहीर, केळी आणि थोडा मोगरा. दोन मुलगे, एक लेक. २०१९ साली ह्यांनी सत्तरी ओलांडली आणि एक दिवस म्हणाले, "सगळं दोघा पोरांच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकतो. डोळ्यांदेखत वाटणी झालेली बरी." थोरल्याला शहरात मोठे घर घ्यायचे होते, त्याची घाई होती. मला काकूंचा तो जिना आठवला.

पण मी त्या वेळी बोलले नाही. थोरला बसला होता, शेजारचे दोघे बसले होते. केंटचे म्हणणे शंभर टक्के खरे होते, पण तो भर दरबारात बोलला. चारचौघांत राजाला चूक म्हटले, की राजा आधी स्वतःचा मान वाचवतो, हित नंतर बघतो. आपल्याकडचे पुरुषही काही वेगळे नाहीत. मी संध्याकाळपर्यंत थांबले. हे केळींना पाणी सोडायला गेले तेव्हा मागोमाग गेले आणि म्हटले, "अहो, तुम्ही पोरांना द्याल ते मला मान्य आहे. पण आपण दोघं असेपर्यंत घर आणि विहीर आपल्या नावावर राहू दे."

हे म्हणाले, "तुझा पोरांवर विश्वास नाही?"

मी म्हटले, "विश्वास आहे म्हणूनच सांगते. पोरं चांगली आहेत. त्यांची परीक्षा घ्यायची वेळ आपणच का आणायची?"

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लेकीला बोलावून घे. आणि वकिलाकडे जायचं ते सगळ्यांनी मिळून जायचं."

वकिलांनी ज्या गोष्टी समजावून दिल्या, त्या शेतकरी घरांना उपयोगी पडतील म्हणून साध्या शब्दांत देते.

पहिली गोष्ट, बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतला फरक. बक्षीसपत्राची नोंदणी झाली आणि दुसऱ्याने ते स्वीकारले, की मालमत्ता आपल्या हयातीतच त्याची होते. उद्या मन बदलले म्हणून ती आपल्या मर्जीने परत घेता येत नाही. मृत्युपत्र आपल्या मागे लागू होते, आणि शुद्धीवर आहोत तोवर ते कितीही वेळा बदलता येते. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी.

दुसरी गोष्ट, मुलीचा हक्क. हिंदू कुटुंबात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असेही नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केले. म्हणजे वडिलोपार्जित जमीन बापाने एकट्याच्या मर्जीने दोन मुलांना देऊन टाकायची, हे चालत नाही. आमच्या वसईत ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर त्यातही मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करणारी लेक भावांना काहीतरी देत असते, हे निदान भावांनी तरी ओळखावे.

तिसरी गोष्ट, २००७ साली झालेला ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. साठ वर्षांवरील आई-बापांना मुले सांभाळत नसतील, तर या कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे पोटगीसाठी अर्ज करता येतो. आपल्याकडे त्यासाठी प्रांत अधिकाऱ्यांकडे जावे लागते. कायद्याच्या तेविसाव्या कलमात आणखी एक सोय आहे. हा कायदा लागू झाल्यानंतर 'आमचा सांभाळ करायचा' या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण २०२२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की अशी अट होती हे दिसले पाहिजे. २०२५ साली त्याच कोर्टाने म्हाताऱ्यांच्या हिताच्या बाजूने कायदा वाचावा असेही म्हटले. तरी कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा अट कागदावर स्वच्छ लिहिलेली चांगली. तोंडी शब्द म्हाताऱ्याबरोबर जातो. कागद मागे राहतो.

आणि चौथी गोष्ट, सही करण्याआधी कागद दोनदा वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडून वाचून घ्यावा. ग्लॉस्टर सरदार होता, शिकलेला होता. तरी एका कागदाने बुडाला.

शेवटी आमच्याकडे ठरले ते असे. घर, विहीर आणि भोवतालचे दहा गुंठे आम्हा दोघांच्या हयातीत आमच्याकडेच राहतील. उरलेल्या बावीस गुंठ्यांचे वाटणीपत्र तिन्ही मुलांच्या नावे झाले. लेक म्हणत होती, "आई, मला नको, दादांना राग येईल." हे तिला म्हणाले, "तुला नको असेल तर उद्या तू दे. पण मी तुझं काढून देणार नाही." ह्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला सासूबाई असायला हव्या होत्या.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. थोरला वर्षभर नाराज होता. त्याला शहरातले घर लहान घ्यावे लागले. सुट्टीत आला तरी ओटीवर बसून परत जायचा. मग २०२० साली टाळेबंदी लागली. त्याचा पगार अर्धा झाला आणि तो बायको-मुलांना घेऊन चार महिने वाडीत येऊन राहिला. घर होते म्हणून येता आले. कुणाच्या दारात पिशवी घेऊन बसावे लागले नाही. त्या काळात तो रोज सकाळी विहिरीचा पंप चालू करायचा. वाटणीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. आजही तो पूर्ण निवळला आहे असे म्हणणार नाही, पण परवा फोनवर त्याने विचारले, "आई, यंदा केळीचे किती लोंगर निघाले?" मला तेवढे पुरे आहे.

यावरून एक गोष्ट मला उमगली. आई-बापांनी आपला पाट राखला, तर तो त्यांच्यापुरताच राहत नाही. पडत्या काळात मुलांनाही तिथेच टेकता येते. लिअरने एक लहानसे घर, चार माणसांपुरते उत्पन्न, एवढे जरी आपल्याकडे ठेवले असते, तर कॉर्डेलियालाही येऊन राहायला जागा राहिली असती. थोरल्या दोघी कदाचित तितक्या बिघडल्याही नसत्या. म्हाताऱ्याच्या हातात काहीच नाही असे दिसले, की चांगल्या माणसाच्या मनातही आळस येतो. थोडे हाती असले, की आदर टिकायला मदत होते. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण आपण संसारी माणसे आहोत, खरे ते बोलावे.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, वाटणी करायची तर जरूर करा. मुलांना त्यांच्या उमेदीच्या वयात हातात काहीतरी मिळालेच पाहिजे. पण करण्याआधी घरातल्या बाईला विचारा, लेकीला बोलवा, आणि जो "थोडं थांबा" म्हणतो त्याच्यावर लगेच रागावू नका. गोड बोलणारा वाटणीच्या दिवशी हजर असतो. थांबा म्हणणारा आजारपणाच्या रात्री हजर असतो, हे बहुतेक घरांत खरे ठरते.

आणि भगिनींनो, तुम्हीही गप्प बसू नका. चारचौघांत बोलायला जमत नसेल तर वाडीत बोला, शेतावर बोला, रात्री अंथरुणावर बोला. दोन दिवस अबोला झाला तर होऊ दे. अबोला संपतो. गेलेला पाट परत मिळवणे फार कठीण असते.